चाकामागचा दगड

माझ्या वडिलांकडे सायकल होती. स्टँड लावायचा, कुलूप घालायचं, लागलंय का ते ओढून बघायचं, चार पावलं चालून परत यायचं आणि पुन्हा एकदा ओढून बघायचं, एवढ्यावर आमच्या घराण्याची सावधगिरी भागत असे. माझ्या पिढीत मोटार आली आणि या सावधगिरीच्या हाती हॅण्डब्रेक नावाचं नवं हत्यार पडलं.

मोटार म्हणजे फार काही समजू नका. मी घेतली तेव्हाच ती दोन मालक पाहून आलेली होती. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी अस्मादिक ड्रायव्हिंग शिकले. या वयात शिकलेल्या माणसाला गाडी चालवण्यापेक्षा ती थांबवण्यात अधिक रस असतो. हॅण्डब्रेकचा दांडा वर ओढताना 'कर्र कर्र' असा जो आवाज येतो, तो मला संध्याकाळी कॅश जुळल्यावर लागणाऱ्या तिजोरीच्या दारासारखा गोड वाटतो. शिकवणाऱ्यानं सांगितलं होतं, चार-पाच 'कर्र' पुरेत. मी नऊ ओढतो. शेवटी मी बँकेतला माणूस. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे, आणि दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. वीस वर्षं असल्या दाराशेजारी बसलेला माणूस चार 'कर्र'वर कसा विश्वास ठेवील? त्यामुळे सपाट अंगण असो, समोर भिंत असो, मागे पाण्याची टाकी असो, माझे नऊ ठरलेले.

सौ. एकदा म्हणाली, "गाडी पळून जाईल म्हणून ओढता, की आपण पळून जाऊ म्हणून?"

मी तिकडे लक्ष दिलं नाही. बायकांना यंत्रातलं काय कळतं, असं त्या वेळी मला वाटलं होतं. तेव्हा मला बरंच काही वाटायचं.

यंदा गणपतीच्या सुमारास मी गाडी दारातल्या कडुलिंबाखाली उभी केली. बँक चालत दहा मिनिटांवर. त्यात पाऊस, त्यात रस्ते. म्हटलं, कशाला उगाच! नऊ 'कर्र' ओढले आणि निश्चिंत झालो. दसरा गेला, दिवाळी गेली. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा भरते. यात्रेच्या दिवशी गर्दी असते, म्हणून आम्ही ती संपल्यावर दोन दिवसांनी जातो. समाधी तीच आणि पार्किंग मोकळं. त्याप्रमाणे सकाळी सगळे तयार होऊन गाडीत बसलो. बीडची थंडी ती! पारा बारा-तेरावर आला की आमचं अर्धं गाव कानटोपीत शिरतं. मी कानटोपी सारखी केली, इंजिन चालू केलं, हॅण्डब्रेक खाली केला, गिअर टाकला. गाडी नुसतीच कण्हली. पुन्हा टाकला. मागून कोणीतरी शेपटी धरल्यासारखी ती जागच्या जागी अंग ताणू लागली.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. हे पोरगं माझ्या निम्म्या वयाचं, पण गाडीभोवती एक फेरी मारून त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मला पासबुक हरवलेल्या खातेदारासारखं वाटलं.

"सायेब, किती दिवसापून उभी हाय?"

"दोन-अडीच महिने."

"अन् हॅण्डब्रेक?"

"ओढलेला होता की! चांगला घट्ट," मी अभिमानानं म्हणालो.

"तितंच घोळ झाला बगा."

मग तो चाकाशी उकिडवा बसून समजावू लागला. पावसाचं पाणी मागच्या चाकांच्या ड्रममध्ये गेलं. ब्रेकचं लायनर ड्रमला दाबून बसलेलं होतंच, ते गंजानं तिथंच चिकटलं. हॅण्डब्रेकची केबल एका नळीतून जाते, तिच्यातही पाणी शिरून तीही गंजून बसली. "तुमी दांडा खाली केलाव," तो म्हणाला, "पर खाली कुनाला कळलंच न्हाई."

हे वाक्य त्यानं सहज टाकलं आणि हातोडा मागितला. ते वाक्य पुढे माझ्या अंगाशी येणार आहे, हे मला तेव्हा काय ठाऊक!

अर्धा तास ठोकाठोकी करून त्यानं चाकं सोडवली. जाताना बजावलं, "आज हॅण्डब्रेक वडूच नका. केबल बदलायची हाय, पुन्ना धरल. चढावर तोंड आसलं तर पयल्या गिअरमदी ठिवा, उतारावर आसलं तर रिव्हर्समदी. अन् चाकाला दगड लावा."

दगड! ज्या माणसाचा नऊ 'कर्र'नीही जीव भरत नाही, त्यानं दगडावर भिस्त ठेवायची! पण घरी आल्यावर मी मोटार वाहन कायदा, १९८८ काढून पाहिला. त्याचं कलम १२६ असं, की सार्वजनिक जागी गाडी सोडून जाताना चालकाच्या जागी लायसनवाला माणूस तरी बसलेला पाहिजे, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक तरी लावलेला पाहिजे, किंवा गाडी आपोआप चालू लागणार नाही असा दुसरा काही उपाय तरी केलेला पाहिजे. हा जो 'दुसरा काही उपाय' आहे ना, तोच आपला दगड. सरकारनं त्याला नावानं बोलावलं नाही, पण जागा राखून ठेवली आहे. मात्र काम झाल्यावर तो उपाय उचलायचा कोणी, याबद्दल त्या कलमात अवाक्षर नाही.

कायदा पाहिला तो रात्री. सकाळी आम्ही कायद्याच्या आधाराशिवायच निघालो.

मांजरसुंब्याच्या घाटात पुढे वाहनांची रांग लागली होती. रांगेच्या तोंडाशी ऊसतोड कामगारांचा ट्रॅक्टर. मागे दोन ट्रॉल्या, आणि ट्रॉल्यांमध्ये चारपाच घरांचे संसार. पत्र्याच्या पेट्या, गोधड्या, पाण्याचे ड्रम, एक शेळी, आणि सगळ्यांच्या वर पोरं. दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसं अशी कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून 'एक कोयता' म्हणून मोजले जातात. तो ट्रॅक्टर ऐन चढावर बंद पडला होता आणि ड्रायव्हर ब्रेकवर जवळजवळ उभा राहिला होता. तेवढ्यात मागच्या ट्रॉलीतून एक बाई उडी मारून उतरली, ट्रॉलीतलाच एक दगड दोन्ही हातांनी ओढला आणि चाकामागे सरकवला. सगळं इतक्या झटक्यात, की मी कानटोपी वर करेपर्यंत काम झालेलं. थोड्या वेळानं इंजिन पेटलं. ट्रॅक्टर पुढे सरकला. ती बाई मागेच थांबली, वाकली, दगड छातीशी धरून उचलला, पळत जाऊन ट्रॉलीत टाकला आणि वरून कोणी तरी दिलेला हात धरून चढून बसली.

"बाबा, तिनं दगड उचलून नेला," कन्या म्हणाली.

"त्यांचाच असेल," मी म्हणालो. माझ्या बुद्धीची धाव मालकीहक्कापर्यंत.

कपिलधारला गाडी थोड्या चढावरच लावावी लागली. मेकॅनिकची आज्ञा पाळून पहिल्या गिअरमध्ये ठेवली आणि रस्त्याकडेचा चांगला पायलीएवढा दगड मागच्या चाकाला लावला. दर्शन झालं, डबे खाल्ले. निघताना गाडी चालू केली, पुढे घेतली, वळवली आणि आलो. मांजरसुंब्याला चहा सांगितला. पहिला घोट घेतला, तोच कन्या म्हणाली, "बाबा, दगड?"

"कसला दगड?"

"आपला. चाकाला लावलेला. तो रस्त्यातच आहे."

मी म्हणालो, "उचलेल कोणीतरी." हे 'कोणीतरी' नावाचे गृहस्थ आपल्या देशात फार राबतात. बँकेत पेनाला दोरी तेच बांधतात, गल्लीतला दिवा तेच बंद करतात, आणि रस्त्यातले दगडही त्यांनीच उचलायचे असतात. पण पोरगी उठून गाडीत जाऊन बसली. चहा तसाच टाकून मागे फिरलो.

तिथं पोचलो तर एक दूधवाला मोटारसायकल आडवी करून उभा. दोन्ही बाजूंना कॅन, एका कॅनचं झाकण उडालेलं, आणि रस्त्यावर दुधाचा ओघळ. वळणावर एकदम दगड दिसला म्हणून त्यानं हँडल फिरवलं आणि गाडी घसरली. गुडघा खरचटला होता, जास्त काही नव्हतं. पण नशीब म्हणून नव्हतं. तो दगड ठेवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत होता. आणि मी काय केलं सांगू? मी मान हलवून म्हणालो, "लोकांना अक्कल नसते हो!"

कन्येनं माझ्याकडे पाहिलं. बोलली काही नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मी दूधवाल्याची मोटारसायकल उभी करायला हात लावला. सांडलेल्या दुधाचे म्हणून काही पैसे पुढे केले. तो बिचारा म्हणाला, "तुमी कामून देतावं? तुमचा काय संबंध?" बळंच त्याच्या खिशात घातले, आणि संबंध सांगायचं धाडस काही झालं नाही. मग तो दगड उचलला. रस्त्याच्या कडेला टाकायचा, तो का कोण जाणे, डिकीत ठेवला.

त्याच आठवड्यात आमच्या काउंटरवर एक हवालदारसाहेब आले. आष्टीकडचे, लष्करातून निवृत्त झालेले. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे हयातीच्या दाखल्यांचा महिना. हल्ली हे काम घरबसल्या मोबाईलवर होतं, पण हवालदारसाहेब दर वर्षी स्वतः येतात. म्हणतात, आपण जिवंत आहोत हे दहा माणसांच्या देखत सिद्ध झालेलं बरं. नोकरीत ते ड्रायव्हर होते आणि लेहला शक्तिमान ट्रक चालवलेला. मी त्यांना माझ्या हॅण्डब्रेकची कथा सांगितली. दगडाचा अध्याय गाळून.

ते हसले. "साहेब, तुमचं गंजानं धरलं, आमचं बर्फानं धरायचं. लेहला हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली वीस. गाडी नाल्यातून आलेली असायची, ब्रेक ओले. नवं पोरगं शहाणपणानं हॅण्डब्रेक ओढून झोपायचं. सकाळी बघावं तर आत पाण्याचा बर्फ होऊन सगळं एकजीव. मग स्टोव्ह पेटवा, शेक द्या."

"गरम पाणी ओतायचं," मी सुचवलं.

"नवं पोरगं तेच करतं. ते पाणी घटकाभरात गोठतं आणि आणखी घट्ट धरतं. म्हणून आम्ही गाडी गिअरमध्ये ठेवायचो आणि चाकांना लाकडी ठोकळे लावायचो. ठोकळा कसा, बाहेर असतो. दिसतो. सकाळी लाथ मारली की निघतो."

डिझेलही गोठायचं म्हणे. त्यावर आता उपाय निघाला आहे. इंडियन ऑइलनं २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. हवालदारसाहेब सही करून, हयात ठरून निघून गेले. मी मात्र त्या दिवशी दोन व्हाउचर उलटी पोस्ट केली.

कारण माझ्या टेबलाच्या खणात एक फॉर्म पडलेला होता. क्लार्कचा अधिकारी होण्याचा. हा फॉर्म पूर्वी तीनदा आला आणि तीनदा मी तो भरला नाही. प्रमोशन म्हणजे बदली. पहिल्यांदा आला तेव्हा आईला अर्धांगाचा झटका आलेला. दुसऱ्यांदा कन्येची दहावी. तिसऱ्यांदा घराचा स्लॅब पडायचा होता. तिन्ही कारणं खरी होती, वाचकहो. त्या त्या वेळी तो ब्रेक ओढायलाच हवा होता. आईला सोडून मी कुठे जाणार होतो? चढावर बंद पडलेल्या ट्रॅक्टरला दगड लावणं याला भित्रेपणा म्हणत नाहीत.

पण आई जाऊन सहा वर्षं झाली. स्लॅब पडला, त्याच्यावर आणखी एक खोली झाली. दहावीची पोरगी पदवीधर झाली. यंदा फॉर्म आला तेव्हा मी म्हणालो, आता काही हरकत नाही. पेन काढलं, नाव लिहिलं, कर्मचारी क्रमांक लिहिला. 'भारतात कुठंही बदली स्वीकारण्यास तयार आहे' या ओळीपाशी आलो आणि हात थांबला. कारण शोधलं, सापडेना. तरी हात हलेना. दांडा मी खाली केला होता, पण खाली कुणाला कळलंच नव्हतं.

तेव्हा मला प्रश्न पडला, की सावधगिरी हा सद्गुण आहे, असं लहानपणापासून ऐकत आलो, तो नेमका कुठपर्यंत? शौर्याचा अतिरेक झाला तर माणूस खड्ड्यात पडतो, सगळ्यांना दिसतं, लोक हसतात. सावधगिरीचा अतिरेक झाला तर काहीच होत नाही. काहीच होत नाही हाच तो अतिरेक, आणि लोक त्याला 'स्थिर माणूस' म्हणून मुलगी देतात. मला वाटतं, लावलेला ब्रेक हवा तेव्हा सुटतो आहे तोवर ती सावधगिरी. सुटेनासा झाला की तिचं नाव बदलतं. मधे फक्त पाऊस लागतो, नाहीतर थंडी, आणि थोडे दिवस.

पण हे झालं माझ्यापुरतं. माझी गाडी, माझा ब्रेक, माझा गंज. मी जन्मभर कडुलिंबाखाली उभा राहिलो तरी फार तर कावळ्यांची सोय. खरा पेच निराळाच होता.

कन्येला पुण्यात नोकरी लागली होती. एक डिसेंबरला हजर व्हायचं. मी म्हणालो होतो, "मार्चपर्यंत थांब. राहायचं बघू, ओळखीचं कोणी शोधू. इथंही काही निघेल." बोलणं कसं अगदी बापाला शोभणारं! मी मनात हे सगळं सावधगिरीच्या खात्यावर जमा करून मोकळा झालो होतो. पण मी कॉमर्सचा पदवीधर. एका खात्यावर जमा पडली म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी खात्यावर तेवढीच रक्कम नावे पडलेली असते. त्याशिवाय ताळेबंद जुळत नाही, हे मी पहिल्या वर्षाला शिकलो. कपिलधारच्या रस्त्यावर माझ्या गाडीची सुरक्षितता माझ्या खात्यावर जमा होती आणि ती दूधवाल्याच्या गुडघ्यावर नावे पडली होती. त्याला बिचाऱ्याला ठाऊकही नव्हतं, की आपलं खातं कोणी उघडलं. तो मलाच विचारत होता, तुमचा काय संबंध?

त्या ऊसतोडवाल्या बाईचा ताळेबंद मात्र जागच्या जागी जुळला होता. गरज संपली, दगड उचलला. मागून कोण येणार आहे, हे तिनं पाहिलंही नव्हतं. मागे मीच होतो.

रात्री जेवताना मी म्हणालो, "मार्च-बिर्च काही नाही. एक तारखेला हजर हो."

सौ.चा हात पातेल्यातच राहिला. कन्या म्हणाली, "आणि राहायचं?"

"हॉस्टेल बघ. तुला बघता येतं."

एवढी दोन वाक्यं बोलायला मला जो जोर लागला, तो पायलीएवढ्या दगडाला लागत नाही. आणि बोलल्यावर लगेच, "पण मोबाईल चालू ठेव, पोचल्यावर फोन कर, रात्री नऊनंतर बाहेर पडू नको," असे तीन खडे मी पुन्हा मांडलेच. स्वभाव आहे. पण खड्यांवरून चाक जातं.

तीस नोव्हेंबरला सकाळी तिला पुण्याच्या बसवर सोडायला स्टँडवर गेलो. नवी केबल घातलेली होती. गाडी लावून हॅण्डब्रेक ओढला. 'कर्र कर्र कर्र कर्र.' सौ. थांबून राहिली, मग म्हणाली, "आज चारच?"

बॅग काढायला डिकी उघडली तर दगड तिथंच. कन्या म्हणाली, "बाबा, हा अजून आहे? टाकून द्या की कुठंतरी."

"'कुठंतरी' नको," मी म्हणालो. "राहू दे."

बस गेली. घरी आलो. फॉर्म खणात आहे. शेवटची तारीख पंधरा डिसेंबर. उद्या त्या मेकॅनिकला गाठून विचारणार आहे, की हातोडा नेमका कुठल्या बाजूनं मारतात.